र. धों. कर्वे : लाजेवर उपचार करणारा गणितज्ञ

मार्च १९२१ मध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये ब्रिटनमधला पहिला संततिनियमनाचा दवाखाना उघडला. वैद्यकाच्या इतिहासात ही घटना ठळकपणे नोंदलेली आहे. त्याच वर्षी मुंबईत एका मराठी माणसाने असेच केंद्र सुरू केले, ते मात्र आज फार थोड्यांना ठाऊक आहे. हा माणूस डॉक्टर नव्हता, वैद्य नव्हता. तो कॉलेजात गणित शिकवत असे. त्याचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

लैंगिक प्रश्नांवर आपल्याकडे दोनच ठिकाणी बोलले जाते. एक, मित्रांच्या कुजबुजीत आणि दुसरे, 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' अशा भिंतीवरच्या जाहिरातींत. पहिल्या ठिकाणी अज्ञान मिळते, दुसऱ्या ठिकाणी लूट होते. तिसरी जागा असू शकते, जिथे विचारलेल्या प्रश्नाला सरळ आणि शास्त्रीय उत्तर मिळेल, हे मराठी माणसाला प्रथम दाखवले ते कर्वे यांनी. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, दंड भरला आणि जवळजवळ सगळे आयुष्य टंचाईत काढले.

वाळीत टाकलेले घर

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरूडला झाला. वडील धोंडो केशव कर्वे पुढे महर्षी म्हणून देशाला माहीत झाले. १८९१ मध्ये आई राधाबाई वारल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या बालविधवेशी लग्न केले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. विधवेशी लग्न केले म्हणून मुरूडकरांनी कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. समाजाला न रुचणारी पण योग्य असलेली गोष्ट केली की काय भोगावे लागते, हे अकरा वर्षांच्या रघुनाथने घरातच पाहिले. असे करूनही माणूस ताठ उभा राहू शकतो, हेही पाहिले.

मुलगा अत्यंत हुशार होता. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले. वडिलांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. मुलाने बाईच्या दुःखाचा आणखी आतला पदर हाती घेतला. बाईला शिक्षण मिळाले तरी तिचे शरीर तिच्या ताब्यात नसेल तर त्या शिक्षणाचा उपयोग किती, असा तो प्रश्न होता.

दर दीड-दोन वर्षांनी पाळणा

हा प्रश्न त्या काळी किती जीवघेणा होता, हे आजच्या पिढीला समजावून सांगावे लागेल. मुलीचे लग्न बालपणी होई. अंगाने पुरती वाढ होण्याआधी पहिले बाळंतपण येई आणि त्यानंतर दर दीड-दोन वर्षांनी पाळणा हलत राही. पाच-सहा मुले ही सामान्य गोष्ट होती. त्यातली दोन-तीन लहानपणीच जात.

एका गर्भारपणात आणि बाळंतपणात मिळून स्त्रीच्या शरीरातून सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह खर्ची पडते. ते भरून यायला चांगला आहार आणि वेळ लागतो. अंगावर पाजत असतानाच पुन्हा दिवस गेले तर ही भरपाई कधीच होत नाही. अशा पांढऱ्याफटक पडलेल्या बाईला प्रसूतीनंतर थोडासा जास्त रक्तस्राव झाला तरी ती दगावते. त्यात रक्तपेढ्या नव्हत्या, प्रतिजैविके नव्हती, बाळंतज्वराला औषध नव्हते. दोन मुलांत पुरेसे अंतर हवे, एका प्रसूतीनंतर किमान दोन वर्षे तरी पुन्हा दिवस जाऊ नयेत, हा सल्ला आज प्रत्येक आरोग्य केंद्रात दिला जातो. तो अमलात आणायचे साधन मात्र तेव्हाच्या बाईकडे नव्हते. मग गावठी उपायांनी चोरून गर्भ पाडले जात आणि त्यातही बायका जात.

या सगळ्यावर उपाय म्हणून समाजाकडे एकच सल्ला होता, तो म्हणजे संयम. कर्वे गणिती होते. जो उपाय हजारांतल्या एखाद्याला जमतो तो समाजाचा उपाय होऊ शकत नाही, हा हिशेब त्यांनी सरळ मांडला. कामेच्छा ही भुकेसारखी शारीरिक गोष्ट आहे, ती दाबण्यात पुण्य नाही आणि भागवण्यात पाप नाही, ही त्यांची भूमिका होती. संभोग आणि संतती या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या तर बाईचा जीव वाचेल आणि नवरा-बायकोचे सुखही वाचेल, असे ते म्हणत.

पॅरिसहून मुंबईला

१९१९ मध्ये ते गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम येत होती, त्यामुळे युरोपातले लैंगिक विज्ञानावरचे लेखन ते मुळातून वाचू शकत होते. त्या काळात युरोपही या बाबतीत फार मोकळा नव्हता. पहिल्या महायुद्धात माणसे गमावलेल्या फ्रान्सने जुलै १९२० मध्ये कायदा करून संततिनियमनाच्या प्रचारावरच बंदी घातली. ती पुढे १९६७ पर्यंत टिकली. म्हणजे ज्या देशात कर्वे शिकले तिथे या विषयावर उघड बोलणे गुन्हा ठरत असताना ते मुंबईत परतून केंद्र उघडण्याच्या तयारीला लागले होते.

तेव्हाची साधने कोणती होती? गर्भनिरोधक गोळी १९६० मध्ये आली. तांबी त्यानंतरची. सरकारी 'निरोध' बाजारात आला १९६८ मध्ये. कर्वे यांच्या काळात होते ते रबरी पिशवीसारखे पुरुषांचे साधन आणि स्त्रीने आत बसवायची रबरी टोपी. ही टोपी गर्भाशयाच्या तोंडावर बसते आणि तिच्यासोबत वापरलेले औषधी मलम शुक्रजंतूंना निष्क्रिय करते. उपाय बऱ्यापैकी चालतो, पण योग्य मापाची टोपी निवडावी लागते आणि ती कशी बसवायची हे बाईला शिकवावे लागते. म्हणजे कोणीतरी तिच्याशी तिच्या शरीराबद्दल स्पष्ट बोलावे लागते. खरी अडचण इथेच होती.

महिन्यातले 'सुरक्षित दिवस' कोणते, हेही तेव्हा जगाला नीट माहीत नव्हते. बीजकोशातून बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाहेर पडते, हे जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२० च्या दशकात दाखवले. त्याआधी पाळीच्या मधले दिवस सुरक्षित असे डॉक्टरच सांगत. प्रत्यक्षात गर्भ राहण्याची शक्यता सर्वाधिक असते ती त्याच दिवसांत. इतक्या अंधारात हे काम सुरू झाले.

१९२३ मध्ये कर्वे यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक आले. 'गुप्तरोगांपासून बचाव' हे त्यांचे आणखी एक पुस्तक. परमा आणि गरमी यांवर पेनिसिलिन मिळायला तेव्हा अजून वीस वर्षे होती. असा आजार नवऱ्याने घरी आणला की बायकोला वंध्यत्व येई, किंवा मूल जन्मतःच रोगी किंवा आंधळे होई. रोगावर खात्रीचे औषध नसताना तो टाळण्याची माहिती हेच औषध होते. ही माहिती छापणे मात्र असभ्य समजले जाई.

कर्वे तेव्हा मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. हे काम आणि मिशनऱ्यांच्या कॉलेजातली प्राध्यापकी या दोन्ही गोष्टी एकत्र चालणार नव्हत्या. एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली. वय त्रेचाळीस, पगार बंद आणि ज्या कामासाठी नोकरी सोडली त्यातून पैसा मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. दवाखान्यात येणाऱ्या बायकांशी बोलायला बाई असणे किती गरजेचे होते, ते वेगळे सांगायला नको.

शस्त्रक्रिया स्वतःवर

या दांपत्याने मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. अंगावर घेतलेल्या कामात पैसा नव्हता आणि समाजाचा रोष ठरलेला होता, त्यात मुलांची जबाबदारी नको, असा विचार त्यामागे होता. हा निर्णय अमलात आणायला रघुनाथरावांनी स्वतः नसबंदी करून घेतली.

पुरुष नसबंदीत वृषणातून शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या बंद केल्या जातात. वृषण तसेच राहतात, त्यांत तयार होणारे पुरुषी संप्रेरक पूर्वीसारखेच रक्तात मिसळते. इच्छा, ताठरता, वीर्यपतन, अंगातली ताकद यांपैकी काहीही कमी होत नाही. वीर्याचा बहुतांश भाग इतर ग्रंथींतून येत असल्याने वीर्याच्या प्रमाणातही फरक जाणवत नाही. आज ही शस्त्रक्रिया टाके न घालता काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. नळ्यांत आधीच असलेले शुक्रजंतू निघून जायला सुमारे तीन महिने लागतात, तोवर दुसरे साधन वापरावे लागते, एवढीच काळजी. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते, म्हणून त्या मानाने ही खूपच सोपी.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी प्राध्यापकाने जे केले ते आज किती पुरुष करतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील विवाहित जोडप्यांपैकी जवळपास ३८ टक्के जोडप्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया झालेली जोडपी आहेत ०.३ टक्के. कर्वे यांचे चरित्र वाचताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

'समाजस्वास्थ्य'चे टपाल

जुलै १९२७ मध्ये कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. पुढची सव्वीस वर्षे ते चालले. संपादन, लेखन, मुद्रितशोधन, व्यवहार, बहुतेक सगळे ते एकटेच बघत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीर ही लपवायची किंवा लाजायची गोष्ट नाही, हे त्यांना झाकणावरच सांगायचे होते. मासिकाचा खप थोडा होता, वर्गणीदार ते घरात लपवून वाचत. शकुंतला परांजपे यांच्यासारख्या काही मोजक्या लेखकांनी मात्र त्यात उघडपणे आपल्या नावाने लिहिले. केंब्रिजला गणित शिकलेल्या शकुंतलाबाईंनी पुढे पुण्यात संततिनियमनाचे काम अनेक वर्षे केले.

या मासिकाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरे. पत्रे येत ती बहुतेक सुशिक्षित तरुणांची. हस्तमैथुनाची सवय लागली आहे, आता वेड लागेल का? झोपेत वीर्य जाते, शरीर खंगत चालले आहे का? लग्न ठरले आहे, आपण नालायक तर नाही? मूल नको असेल तर काय करावे? असे ते प्रश्न असत. ज्याला हे प्रश्न पडत त्याला ते बापाला विचारता येत नसत, मास्तरांना येत नसत आणि डॉक्टरांना विचारले तर बहुधा उपदेश मिळे.

या भीतीची मुळे दोन संस्कृतींत आहेत. वीर्य हे शरीराचे सार, रक्ताच्या चाळीस थेंबांपासून त्याचा एक थेंब बनतो, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. युरोपात स्वित्झर्लंडचा डॉक्टर तिसो याने १७६० मध्ये हस्तमैथुनाने माणूस खंगतो असे पुस्तक लिहिले आणि पुढची दीडशे वर्षे तिकडचे डॉक्टर तेच गिरवत राहिले. इंग्रजी शिकलेल्या मराठी तरुणाला ही भीती दोन्हीकडून मिळाली.

कर्वे यांचे उत्तर सरळ होते. हस्तमैथुनाने कोणताही रोग होत नाही. जो काही त्रास होतो तो भीतीमुळे आणि अपराधी वाटण्यामुळे होतो. आजचे वैद्यक यात एक अक्षरही बदलणार नाही. शुक्रजंतू सतत तयार होत असतात. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, पण दररोज कोट्यवधी नवे बनत असतात. एका वेळच्या वीर्यपतनात चमचाभरच द्रव जातो आणि त्यातले बहुतांश पाणीच असते. न वापरलेले शुक्रजंतू शरीर आपणच जिरवून टाकते किंवा झोपेत बाहेर टाकते. साठवून ठेवण्यासारखे त्यात काही नसते. तरीही हीच भीती घेऊन तरुण आजही डॉक्टरांकडे येतात. थकवा, कंबरदुखी, छातीत धडधड, लघवीतून 'धात' जाते अशी तक्रार. भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात त्याला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. तपासणीत बहुतेकदा शरीरात काहीच दोष सापडत नाही. त्यामागे चिंता किंवा नैराश्य असते आणि त्यावर उपचार केले की माणूस बरा होतो.

स्त्रीला कामसुखाची इच्छा असते आणि ते मिळवण्याचा तिला पुरुषाइतकाच हक्क आहे, हेही कर्वे ठासून लिहीत. त्या काळी हे वाचकाला हस्तमैथुनाच्या उत्तरापेक्षाही जास्त झोंबे. शरीररचनाशास्त्रालाही बाईच्या या बाजूची नीट दखल घ्यायला फार उशीर लागला. स्त्रीच्या कामसुखाचे मुख्य इंद्रिय असलेल्या शिश्निकेचा बाहेर दिसतो तो फक्त टोकाचा भाग, बाकी मोठा भाग आत पसरलेला असतो. याची तपशीलवार मांडणी ऑस्ट्रेलियाच्या शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनी केली ती १९९८ मध्ये.

दोनदा दंड

अशा लेखनाचे पर्यवसान कोर्टात होणार, हे ठरलेलेच होते. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून सनातनी मंडळींनी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरवला. शंभर रुपये दंड झाला.

१९३४ मध्ये पुन्हा खटला झाला. या वेळी गुन्हा होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा. प्रश्न हस्तमैथुनाचे आणि समलिंगी संबंधांचे होते. कर्वे यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावरचे लेखन एवढ्याच कारणाने ते अश्लील ठरवता येणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. असे विकृत प्रश्न छापून उत्तरे द्यायची गरजच काय, या आक्षेपाला बाबासाहेबांचे म्हणणे असे की, विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, आणि वाचकाने विचारले तर उत्तर देणे हे अशा मासिकाचे कामच आहे. इंग्लंडच्या हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या संशोधनाचा दाखलाही त्यांनी दिला. समलिंगी ओढ काही माणसांत जन्मजात असते, असे एलिस यांचे निरीक्षण होते. खटला हरला. दोनशे रुपये दंड झाला.

या प्रश्नावर जग पुढे कुठे पोहोचले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये काढली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. अश्लीलतेच्या कलमात विज्ञान आणि साहित्य यांसाठी सार्वजनिक हिताचा अपवाद १९६९ मध्ये घातला गेला. तो अपवाद पस्तीस वर्षे आधी असता तर कर्वे यांना दंड झालाच नसता.

बाबासाहेबांनी हा विषय कोर्टापुरता ठेवला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला गेला. त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी तो मांडला. तोही फेटाळला गेला.

वर्ध्याची भेट आणि दुसरी बाजू

विरोध केवळ सनातन्यांचा नव्हता. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर आपल्या विदर्भात वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या. बाळंतपणांतून बाईची सुटका व्हावी हे दोघांनाही मान्य होते, मार्गाबद्दल मात्र एकमत झाले नाही. गांधीजी ब्रह्मचर्यावर ठाम राहिले. कर्वे यांनी गांधीजींच्या या मतावर आपल्या मासिकातून वारंवार टीका केली. ज्या काळात गांधीजींविरुद्ध बोलणे म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणे होते, त्या काळात त्यांनी ती केली.

कर्वे यांच्या विचारांना त्यांच्या काळाच्या मर्यादाही होत्या. जगभरच्या संततिनियमनाच्या चळवळीवर तेव्हा सुप्रजननशास्त्राची छाप होती. कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये, हे वरून ठरवता येईल असे अनेक विद्वानांना वाटे. 'समाजस्वास्थ्य'ही त्या छायेपासून पूर्णपणे दूर नव्हते. या विचाराचे भयंकर टोक पुढे जर्मनीत दिसले आणि सक्तीच्या नसबंदीचा कटू अनुभव आणीबाणीत आपणही घेतला. पण कर्वे यांच्या कामाचा मुख्य आधार सक्ती हा कधीच नव्हता. माहिती द्यावी, साधन हाती द्यावे आणि निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, ही त्यांची रीत होती.

शेवटचा अंक

हळूहळू वारे बदलू लागले. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर राबवणारा भारत हा जगातला पहिला देश. ज्या कामासाठी कर्वे यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी नोकरी सोडली ते आता सरकारी धोरण झाले होते. मात्र ते ज्यांनी सुरू केले त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. मालतीबाई आधीच गेल्या होत्या. रघुनाथराव एकटे मासिक काढत राहिले.

१९५३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांचा स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. हजारो स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेल्या या अहवालाने जगभर खळबळ उडवली. स्त्रीलाही इच्छा असते, तीही सुख घेते, हे आता आकड्यांनिशी समोर आले होते. पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे यांचे निधन झाले. 'समाजस्वास्थ्य'चा नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. पुत्राच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, पिता महर्षी कर्वे यांना भारतरत्न मिळाले. पुत्राची आठवण महाराष्ट्राला उशिरा झाली. अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट २००१ मध्ये आला, अलीकडे 'समाजस्वास्थ्य' याच नावाचे नाटकही रंगभूमीवर आले.

मुंबईपासून नागऱ्यापर्यंत

कर्वे यांच्या काळात संततिनियमनाची माहिती हवी असेल तर मुंबई गाठावी लागे, किंवा चोरून टपालाने मासिक मागवावे लागे. आज गोंदियाजवळच्या नागऱ्यासारख्या गावात आशाताई नव्या जोडप्याच्या दारात येते. निरोध, रोजची माला-एन गोळी, संप्रेरक नसलेली 'छाया' गोळी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन, तांबी आणि शस्त्रक्रिया, हे सगळे सरकारी यंत्रणेत मोफत मिळते. महाराष्ट्रातील स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १.७ वर आली होती. राज्यात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. कर्वे यांनी पाहिलेल्या काळाशी तुलना केली तर हा फरक डोळे दिपवणारा आहे. दोन मुलांत अंतर ठेवता येणे हे त्यामागचे एक मोठे कारण.

साधने गावात पोहोचली, पण संकोच अजून पुरता गेलेला नाही. आशाताई निरोधाचे पाकीट पुढे करते तेव्हा सून मान खाली घालते, सासू विषय बदलते आणि नवरा घरात नसतोच. शस्त्रक्रियेची वेळ आली की बाईचेच नाव पुढे येते. मुलाला पहिल्यांदा झोपेत वीर्यपतन झाले किंवा मुलीला पहिली पाळी आली की दोघेही घाबरतात आणि मोबाइलवर जे सापडेल त्यावर विश्वास ठेवतात. भिंतीवरच्या जाहिरातीतल्या 'वैद्या'कडे महिन्याचा पगार घालवणारे तरुण आजही आहेत.

त्यांच्यासाठी सोय आहे. राज्यातील अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक चालते. तिथे पाळी, वीर्यपतन, हस्तमैथुन, आकर्षण, गर्भनिरोध, संसर्ग यांपैकी काहीही विचारता येते. सल्ला मोफत मिळतो आणि गुप्त ठेवला जातो. लग्न झालेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कुटुंब कल्याण विभागात दोघांनी मिळून जावे. मूल थांबवायचे ठरले असेल तर पुरुष शस्त्रक्रियेबद्दल पुरुषाने स्वतः विचारावे. जननेंद्रियावर फोड, स्राव किंवा जळजळ असेल तर जाहिरातीतला पत्ता न शोधता सरकारी रुग्णालयातल्या गुप्तरोग विभागात, म्हणजे 'सुरक्षा' क्लिनिकमध्ये, जावे. बहुतेक संसर्ग साध्या औषधांनी बरे होतात, फक्त जोडीदाराचाही उपचार एकाच वेळी व्हायला हवा.

नव्वद वर्षांपूर्वी असाच एक प्रश्न छापून त्याचे उत्तर दिल्याबद्दल रघुनाथ कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला होता. आज तो प्रश्न डॉक्टरसमोर विचारायला एक रुपयाही लागत नाही.